सोमवारचे दोन तास

दादा, तू गेल्यावर भेटायला आलेल्या प्रत्येक माणसानं एकच गोष्ट बोलून दाखवली. "असा काटक मानूस, दिवसाला कोस दोन कोस सहज चालनारा. ना विडी, ना तंबाखू, ना मटनाची आवड. त्याला कसा काय अटॅक आला?" कुणी नशिबाला बोल लावला, कुणी फवारणीच्या औषधांना. मी वहिनीच्या शेजारी बसून ऐकत होते. त्या ओटीवर या प्रश्नाचं थोडंफार उत्तर ठाऊक असलेली मी एकटीच होते, कारण गेली बारा वर्षं तुझं रक्त मीच काढत आले. पण तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर त्या उत्तरात माझंही नाव घ्यावं लागलं असतं.

ते आज घेते. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, आणि अर्धवट टाकलेलं काम तुला कधीच आवडलं नाही.

पाटकरी ही सरकारदरबारी किती लहान नोकरी! कालव्याचं पाणी चारीत सोडायचं, चारीतून कुणाच्या रानात कधी आणि किती वेळ जायचं ते बघायचं, आणि वेळ संपली की दार खाली करायचं. पण उन्हाळी आवर्तन सुटलं, कालवा वाहू लागला की त्या दोन-तीन आठवड्यांत आपल्या भागात आमदारापेक्षा तुझं नाव जास्त घेतलं जायचं. निम्म्या वेळा शिवीसकट. प्रत्येकाचं रान आधी, प्रत्येकाची पाळी लहान, आणि शेजाऱ्याला दिलेलं पाणी नेहमी जास्त. या सगळ्याच्या मधोमध तू एक सायकल आणि एक खाकी पिशवी घेऊन उभा असायचास.

आपलं रान चारीच्या टोकाला. चारी खोदून झाली तरी कित्येक उन्हाळे आपली शेरडं तिच्यात खुशाल चरली, कारण टोकापर्यंत पाणी यायचंच नाही. वरच्यांची रानं भिजेपर्यंत कालवा बंद व्हायचा. तू या चारीवर आलास आणि पहिल्याच उन्हाळ्यात क्रम उलटा केलास. पाणी आधी टोकाला न्यायचं आणि मग एकेक रान भिजवत वर यायचं. नियमात तसंच होतं म्हणे, फक्त ते कुणी करत नव्हतं. वरच्या शेतकऱ्यांनी तुला चारीवर गाठलं. एकानं खोरं उगारलं. "आमच्या बांधावरनं पानी जानार आन आमी नुसतं बघत बसायचं व्हय? स्वतःचं रान टोकाला हाय म्हनून ही अक्कल!" तू चारीच्या कडेला मांडी घातलीस, डबा सोडलास आणि म्हणालास, "तुमचं भांडान चालू द्या राव. मी तवर भाकर खातो. माजं खाऊन झालं की ऐकतो." दहा मिनिटांत खोरं खाली आलं. ही गोष्ट मी माझ्या लॅबमध्ये रक्त द्यायला घाबरणाऱ्या किती जणांना सांगितली असेल, त्याला मोजमाप नाही.

गंमत अशी की तुझ्या या न्यायाचा पहिला तडाखा माझ्याच सासरला बसला. आमचं रान वरच्या अंगाला. सोमवारी तुझी पाळी यायची आणि आमची गुरुवारी. "तुझ्या भावानं आमचं पानी मागं नेलं," हे सासूबाईंनी मला वर्षानुवर्षं ऐकवलं. मी वरवर चिडायचे आणि आतून मला तुझा अभिमान वाटायचा. हे तुला कधी सांगितलं नाही, म्हणून आता सांगते.

लॅब तरी कुणामुळे आहे माझी? बारावीनंतर माझं लग्न ठरवायची घाई चालली होती, तेव्हा तू आबांसमोर उभा राहिलास. "शोभी शिकंल. मशिनीवर रगत तपासायचं शिकंल. स्थळं काय पळून जात न्हाईत." मंचरच्या पेठेत एका खोलीत मी लॅब उघडली, त्या दिवशी नारळ फुटायच्या आत तू बाही वर करून खुर्चीत बसलास. पहिलं रक्त तुझं. बोहनी म्हणून मी कोलेस्टेरॉल लावलं आणि आकडा बघून हादरले. दोनशे सत्तर. मला वाटलं, मशीन नवीन, हात नवीन, काहीतरी चुकलं. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. मग पुण्याला नमुना पाठवला. त्यांचंही तेच आलं.

त्या दिवसापासून मी तुझ्या घरच्या तेलाच्या किटलीमागे लागले. बिचाऱ्या वहिनीला मी काय काय बोलले! आण्याच्या पठारावरून आलेली बाई ती. पाण्याचा हंडा मैलभरावरून आणणाऱ्या घरात वाढलेली, कशाचीही नासाडी करायची नाही एवढंच तिला ठाऊक. तिच्या भाजीवर तवंग नावालाच असायचा. तरी मी शेंगदाण्याची चटणी बंद केली, साय बंद केली, सणाच्या पुरणपोळीवरचं तूप चमच्यानं मोजायला लावलं. तू मात्र हसत राहायचास. "शोभे, लेण्याद्रीच्या पायऱ्या एका दमात चढतो मी. माज्या मागनं येनारी पोरं बसून घेत्यात. मला काय झालंय?" मी म्हणायचे, पायऱ्यांना काय कळतं तुझ्या रक्तातलं. आणि आपलं भांडण सुरू.

खरी गोष्ट मला उमगली ती पाच-सहा वर्षांनी, आणि तीही योगायोगानं. पावसाळी दुपार होती, लॅबमध्ये कुणी नव्हतं. मी सहज तुझे सगळे जुने रिपोर्ट एकापुढे एक मांडले. काहींत आकडा बराच खाली, काहींत एकदम वर. माणूस तोच, घर तेच, तेलाची किटली तीच. मी तारखा बघितल्या आणि जागच्या जागी बसून राहिले. कालवा बंद असताना दिलेल्या रक्ताचा आकडा कमी होता. आवर्तन चालू असताना दिलेल्या रक्ताचा दरवेळी जास्त.

एका माणसाच्या रक्तावरून नियम काढता येत नाही, हे मला शिकवलेलं आहे. तरी मी डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "खाणंपिणं, विडी, घराण्यातला दोष, हे सगळं असतंच. पण सतत जिवाला घोर असलेला माणूसही मी रोज बघतो. शरीर कायम भांडणाच्या तयारीत राहतं. प्रेशर चढतं, झोप जाते, रक्तातली चरबी वाढते, आणि काळजावर त्याचा भार पडतो. त्यांना म्हणावं, गोळी घ्या आणि जमलं तर काम बदलून घ्या." त्यानंतर मी येणाऱ्या पेशंटांकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले. उन्हाळ्यातला वायरमन, परीक्षेच्या दिवसांतले हेडमास्तर, घाटातून गाडी हाकणारा ड्रायव्हर. सगळ्यांना मी आधी विचारायला लागले, कामाचं काय चाललंय? तेलाचं नंतर.

तुला सांगितलं तेव्हा तू पोट धरून हसलास. "म्हंजी माज्या रगतात पन आवर्तन सुटतं व्हय?" मी म्हणाले, "हो. आणि बंद करणारा पाटकरी तिथं कुणी नाही. ऑफिसात टेबलाचं काम मागून घे." तू गंभीर झालास. "घेतो. एवढं उन्हाळी आवर्तन होऊन जाऊ दे." ते उन्हाळी झालं, मग रब्बी आलं, मग पुढचं उन्हाळी. दरवेळी तुझं एकच उत्तर. "नवा मानूस आला तर वरनं सुरुवात करील गं. टोकाची लोकं पुन्हा शेरडं चारतील चारीत." गोळ्या तू घ्यायचास, पण कालवा बंद असला की. आवर्तनात विसरायचास. म्हणजे ज्या दिवसांत त्यांची सर्वांत जास्त गरज, नेमक्या त्याच दिवसांत.

त्यात मोबाइल आला. आधी तुला शिव्या द्यायला माणसाला निदान चारीवर यावं लागायचं. आता तो घरबसल्या देऊ लागला. जेवताना फोन, आंघोळीला गेलास की फोन, आणि गप्प राहिलास की "पाटकऱ्यानं फोन बंद ठिवला" म्हणून वर तक्रार. तू प्रत्येकाशी सारख्याच सुरात बोलायचास. तुझा आवाज चढलेला मी जन्मात ऐकला नाही. सगळे म्हणायचे, काय शांत माणूस! मीही म्हणायचे. मग एकदा आवर्तनात मी तुझ्याकडे मुक्कामाला होते, आणि संध्याकाळी वहिनीनं तुझा डबा उघडून माझ्यापुढे ठेवला. भाकरीचा एक घास तोडलेला. बाकी सगळं जसंच्या तसं. "रोज असाच येतो," ती म्हणाली. "लोकांफुडं उघडत्यात. घशाखाली उतरत न्हाई." त्या खोऱ्याच्या गोष्टीत तू भाकरी खाल्लीच नव्हतीस तर. नुसता डबा मांडून बसला होतास, लोकांना तू शांत दिसावास म्हणून.

आता ते भांडण.

मागच्या उन्हाळ्यात यांनी टोमॅटो लावला होता. फुलोऱ्यात आला आणि वरून ऊन असं पेटलं की दुपारी पानं मान टाकायची. आमची पाळी गुरुवारी. शनिवारी सासूबाई ओट्यावर बसून म्हणाल्या, "भाऊ पाटकरी आन बहिनीचं रान वाळतंय. लोकं हसत्यात." मी तुला फोन लावला. पाच दिवसांपूर्वीच तुझ्या हातात रिपोर्ट देऊन मी म्हणाले होते, दादा, जिवाला घोर लावून घेऊ नकोस. आणि आता मीच तुझ्या जिवाला घोर लावत होते.

"दोन तास दे रे. फक्त दोन तास."

"तुमची पाळी गुरवारी हाय, शोभे."

"तोवर काही उरणार नाही."

"दुसऱ्या कुनाचे तास कसे देऊ? उद्या त्यो इचारंल, काय सांगू?"

"सांग, माझी बहीण आहे."

"म्हनून तर न्हाई देता येत," तू म्हणालास.

मग मी बोलू नये ते बोलले. "मग दिवाळीला येऊ नकोस. भाऊबिजेचं ताट मांडणार नाही मी." पलीकडून कुणीतरी तुला हाका मारत होतं. "बरं," एवढंच म्हणून तू फोन ठेवलास.

सोमवारी सकाळी आठ वाजता आमच्या रानात पाणी आलं. दहाला बंद झालं. टोमॅटो तरला. हे म्हणाले, "बघ, दम भरला की जमतं सगळं." सासूबाईंनी पहिल्यांदा तुझं नाव चांगल्या तोंडानं घेतलं. मीही हसले. पण खरं सांगू? त्याच दिवशी माझ्या मनातून तू एक पायरी खाली उतरलास. इतकी वर्षं मी ज्या दादाच्या गोष्टी सांगत होते, तोही शेवटी बहिणीच्या एका धमकीला वाकला, असं मला वाटलं. मीच वाकवलं आणि मीच नाक मुरडलं. पुढच्या वेळी तू लॅबमध्ये आलास तेव्हा मी खोचकपणे म्हणाले, "आलं ना पाणी? मग आधी एवढं ताणलंस कशाला?" तू नुसता हसलास आणि मूठ आवळून हात पुढे केलास.

कुणीतरी तुझ्याविरुद्ध अर्ज दिला होता. पाटकरी बहिणीला चोरून पाणी देतो. तुला ऑफिसात दोनदा बोलावलं, चारीवर साहेब येऊन गेले. मला हे कळलं तेव्हा मी मनात म्हणाले, भोगा आता. त्या महिन्यातला तुझा आकडा आजवरचा सर्वांत मोठा होता. आणि मी, ज्या बाईनं तारखा मांडून शोध लावला होता ती शहाणी बाई, त्या दिवशी पुन्हा तेलाच्या किटलीवर घसरले. वहिनीला फोन करून विचारलं, "चटणी सुरू केली का परत?" कारण दुसरं कारण विचारलं असतं तर ते माझ्यापाशी येऊन थांबलं असतं.

भाऊबिजेला तू आलास. मी ताट मांडलं. तू पाटावर बसलास, मी ओवाळलं, तू मला पैठणीच्या काठांची साडी दिलीस. त्या उन्हाळ्याबद्दल आपण दोघं एक अक्षर बोललो नाही. मला वाटलं, मिटलं.

यंदाचं पहिलं उन्हाळी आवर्तन संपलं, कालवा बंद झाला, त्या सकाळी तू अंगणात सायकल टेकवलीस आणि चहा टाक म्हणालास. चहा उकळायच्या आत सगळं संपलं होतं.

तेराव्यानंतर वहिनीनं तुझी खाकी पिशवी माझ्यापुढे ठेवली. "तुमची कागदं हायेत यात." उघडली तर माझ्या लॅबचे सगळे रिपोर्ट. एकही टाकला नव्हतास. पण जपून ठेवण्याचं कारण दुसरंच होतं. प्रत्येक रिपोर्टाच्या कोऱ्या पाठीवर तू त्या आवर्तनाची पाळीयादी लिहिली होतीस. एका बाजूला तुझ्या रक्ताचा आकडा, दुसऱ्या बाजूला कुणाला कधी पाणी. मला हसू आलं आणि त्यातच रडू फुटलं. माझा कागद तुला फार चांगला वाटायचा, जाड असायचा म्हणून.

मागच्या उन्हाळ्याचा कागद मी उलटा केला. सोमवारच्या ओळीत आपल्या रानापुढचे सकाळी आठ ते दहा हे दोन तास खोडलेले, आणि शेजारी तुझ्या गोल अक्षरात लिहिलेलं, "माझ्या पाळीतले दोन तास शोभाच्या घरी दिले." खाली दोन सह्या. एक देणाऱ्या शेतकऱ्याची, एक पाटकऱ्याची. दोन्ही तुझ्याच.

आपल्या पाळीतलं पाणी शेतकऱ्यानं दुसऱ्याला द्यायला कुणाची हरकत नसते, फक्त पाटकऱ्याला लिहून द्यावं लागतं. तू स्वतःलाच लिहून दिलं होतंस. साहेबांनी हाच कागद बघून अर्ज निकालात काढला असणार.

"त्या साली रानातला घास वाळला, म्हशीचा चारा," वहिनी म्हणाली. "म्हशीला मी आन्यावरनं कडबा आनला, आठवतंय का? लई बोलले मी त्यांना. म्हनलं, निदान तिला सांगा तरी. तर म्हनले, नको. तिला कळलं तर ती पानी घ्यायची न्हाई आन टोमॅटो जाईल. वाटू दे तिला, भावानं ऐकलं."

दादा, माझ्या मनातून उतरायला तू तयार झालास. तुला माहीत होतं की मी तुला वाकलेला समजेन, आणि तू ते समजू दिलंस. मी ज्याला शांत स्वभाव म्हणत आले तो हा होता. लोकांचा राग, माझा राग, यातलं काहीच तू कुणाला परत केलं नाहीस. सगळं आत ठेवलंस. ते कुठं साठत होतं हे कळायला माझ्याकडे मशीन होतं, आणि तरी मी चटणीबद्दल विचारत बसले. तुझ्या आजाराला मी एकटी कारण नाही, हे डॉक्टरांनी मला दोनदा समजावून सांगितलंय. ते खरंही असेल. पण त्या उन्हाळ्यातला वरचा थोडासा आकडा माझा आहे, तो मी कुणाला देणार नाही.

गेल्या आठवड्यात दुसरं आवर्तन सुटलं. नवा पाटकरी घरी विचारायला आला, "ताई, तुमची पाळी गुरवारी. हाय ना ध्यानात?" पाणी टोकाकडूनच सुरू केलंय त्यानं. मी विचारलं तर म्हणाला, "आता वरनं सुरू केलं तर वरचीच लोकं मला बोलतील. सवय लावून गेलेत भाऊ." मी त्याच्याकडून कागद मागितला आणि लिहिलं, आमच्या पाळीतले दोन तास टोकाच्या रानाला. यांना सही करायला दिला. यांनी तो वाचला आणि सही केली. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "द्या की. दोन तासांनी काय वाळत न्हाई."

गुरुवारी मी लॅब बंद ठेवली. आठ वाजता पाणी आमच्या बांधावरून खाली गेलं आणि तुझ्या घासात शिरलं. यांनी खोऱ्यानं वाफे फोडले. वहिनी पदर खोचून उभी होती. दहाला पाच मिनिटं कमी असताना तीच म्हणाली, "बंद करा दाजी. वर लोकं वाट बघत्यात." यांनी दार खाली केलं. एक मिनिट जास्त घेतलं नाही, दादा.

मग आम्ही तिघं चारीच्या कडेला बसलो. वहिनीनं पिशवीतून डबा काढला. भाकरी, मिरचीचा ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी. मी चटणीही वाढून घेतली. आम्ही सावकाश, बोटं चाटून सगळं खाल्लं. डबा तुझाच होता. आवर्तनातून तो पहिल्यांदा रिकामा घरी गेला.